पन्नास हजार रोपांचा आकडा आधी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून यावल अभयारण्याच्या कडेच्या गावांत तीन वर्षांत ५०,००० झाडं लावायची आहेत. सोबत ‘वन्यजीवांसाठीही काहीतरी’ करायचं आहे. पाणवठे आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) असे दोन पर्याय समोर आहेत. कोणती झाडं लावावीत, कोणाला सोबत घ्यावं आणि संचालक मंडळाला काय दाखवावं, असं विचारलं आहे. जंगल राखण्याच्या कामात माझं बरंचसं आयुष्य सातपुड्याच्या पायथ्याशी आणि साक्री-नवापूरच्या बाजूला गेलं, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी पाण्याचं गणित करू. एका रोपाला एका वेळी १० लिटर पाणी धरलं तरी ५०,००० रोपांना ५ लाख लिटर लागतं, म्हणजे ५,००० लिटरचे १०० टँकर. पंधरवड्यातून एकदाच पाणी द्यायचं ठरवलं तरी नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत पंधराएक पाळ्या होतात. हे झाले दीड हजार टँकर, तेही फक्त पहिल्या उन्हाळ्याचे. टँकर भरायचा कुठून? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरी आणि बोअर किती खोल गेलेत ते तुमच्याच कामगारांना विचारा. त्या पाण्यातून शेतकऱ्याची केळी तोडून डोंगरावर रोपं जगवायची, हे गावाला पटणार नाही आणि पटूही नये. ठिबक टाकू म्हणाल, तर उताराच्या वनजमिनीवर नळ्या उंदीर कुरतडतात, वणव्यात वितळतात, आणि पाण्याचा उगम मुळात लागतोच. शाळेच्या आवारात, गावठाणात, स्मशानभूमीजवळ दोन-चारशे झाडांना ठिबक उत्तम. ४५ हेक्टरवर नाही. आणि तीन-तीन मीटरवर लावली तर ५०,००० रोपांना जागा तेवढीच लागते, कारण हेक्टरी साधारण ११०० बसतात.

तारखेचंही असंच. कंपन्यांना ५ जून फार आवडतो. पर्यावरण दिनाला फोटो, टोप्या, केळीच्या पानात नाश्ता. खानदेशात ५ जूनला जमीन तव्यासारखी असते, पाऊस अजून दहा-पंधरा दिवस लांब असतो. त्या दिवशी लावलेलं रोप पहिल्या आठवड्यातच मान टाकतं. दुसरं टोक म्हणजे साहेबांची तारीख मिळेपर्यंत ऑगस्टची अखेर. तोवर रोपाला मूळ धरायला महिनाभरच पाऊस उरतो. लागवड करायचीच असेल तर दोन दमदार पाऊस झाल्यावर, जमीन वीतभर ओली झाली की. ती तारीख गावचा माणूस ठरवेल, कॅलेंडर नाही. आमच्याकडे एका आजोबांनी अहिराणीत जे ऐकवलं त्यात सगळं आलं: ‘लावतस अन् निंघी जातस.’ म्हणजे लावतात आणि निघून जातात.

आता मुख्य गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी तुम्हाला जे ‘उजाड’ दिसतं, त्यातलं बरंच उजाड नाही. एप्रिलमध्ये तिथून चालत जा आणि खाली बघा. पळस, धावडा, साग, तेंदू, बेल, आपटा यांचे गुडघ्याएवढे खुंट दिसतील. दरवर्षी त्यांना धुमारे फुटतात, दरवर्षी कुऱ्हाड, शेळी किंवा वणवा ते संपवतो. वर काडी दिसते, खाली वीस-तीस वर्षांचं जिवंत मूळ आहे. त्या मुळाला नर्सरीतल्या पिशवीतलं कोणतंही रोप बरोबरी करू शकत नाही. तीन पावसाळे चराई, तोड आणि आग थांबवली, प्रत्येक खुंटावर जोमदार एक-दोन धुमारे ठेवून बाकीचे काढले, की माणसाच्या डोक्यावर जाणारं जंगल उभं राहतं. पाण्याचा एक टँकर लागत नाही. वनविभागाच्या कामात याला नैसर्गिक पुनरुत्पादनाला साहाय्य म्हणतात. फोटोत ते लागवडीइतकं शोभत नाही, म्हणून कंपन्या त्याकडे वळत नाहीत, एवढंच.

अंजन हे या भागाचं खास झाड, आणि त्याचा स्वभाव समजून घेतला तर बाकीचं आपोआप कळतं. अंजनाचं रोप पहिली काही वर्षं वर वाढतच नाही. उन्हाळ्यात शेंडा वाळतो, पावसात पुन्हा फुटतो, पुन्हा वाळतो. त्या काळात ते सोटमूळ खडकाच्या भेगांतून खाली नेत असतं. एकदा ओल गाठली की मग झपाट्याने वर येतं आणि भर उन्हाळ्यात हिरवं उभं राहतं. गवत संपल्यावर गुरांना त्याचाच पाला. आता ही रोपं मोजायला पहिल्या वर्षी तुमचा लेखापरीक्षक आला तर तो त्यांना ‘मृत’ लिहील. पिशवीत वाढवलेल्या अंजनाचं सोटमूळ गुंडाळलं जातं, म्हणून शक्य तिथे पावसाच्या तोंडावर बी थेट टोकावं. बी दरवर्षी सारखं येत नाही. ज्या वर्षी झाडं शेंगांनी लदलेली असतील त्या मे महिन्यात गावातल्या बायकांकडून बी गोळा करून घ्या आणि त्याचे पैसे रोख द्या.

जिथे माती वाहून मुरूम उघडा पडला आहे, मूळच उरलेलं नाही, तिथे मात्र हात लावावा लागेल. आधी समतल चर (पाणी अडवायला उतारावर आडवे, एका पातळीत खणलेले), मग वर्षभर गवत येऊ द्यायचं, त्यानंतर झाडं. अंजन, सालई, खैर, हिवर, बोर, चारोळी, मोहा, बेल. सालईच्या फांद्या पावसाआधी रोवल्या तरी लागतात. साग लावायचा तर जड्या (रोपाचं मूळ आणि खोडाचा छोटा तुकडा) लावा, पण आधीच सागाने भरलेल्या डोंगरात आणखी साग घालण्याचं कारण मला कधी समजलेलं नाही. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी ही झाडं कोणी ‘हमखास जगणारी’ म्हणून सुचवली तर ती जगतात हे खरं, पण त्यांच्याखाली रानातलं फारसं काही वाढत नाही. बियांचे गोळे हेलिकॉप्टरने किंवा सहलीच्या बसमधून फेकणं हा मुलांचा दिवस छान जाण्याचा कार्यक्रम आहे, वनीकरण नव्हे.

मियावाकीबद्दलही, म्हणजे अगदी दाटीने झाडं लावण्याच्या जपानी पद्धतीबद्दलही, विचारलं जाईल म्हणून एका ओळीत: कारखान्याच्या कुंपणाच्या आत खुशाल करा, सातपुड्यात नको.

जमीन कोणाची, या प्रश्नाकडे कंपन्यांचं लक्ष सगळ्यात कमी आणि अपयश सगळ्यात जास्त. यावल, चोपडा, रावेर, शहादा, अक्कलकुवा भागात वनजमिनीवर पिढ्यान् पिढ्या कसलेली नेवाडं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली काहींना पट्टे मिळाले, काहींचे दावे अडकलेले आहेत. नकाशावर रिकामा दिसणारा तुकडा एखाद्या तडवी किंवा पावरा कुटुंबाचा ज्वारीचा तुकडा असू शकतो. तिथे तुम्ही खड्डे खणले की झाड जगवण्याचा विषय संपतो आणि भांडण सुरू होतं. म्हणून जागा निवडण्याआधी ग्रामसभेत बसा आणि प्रलंबित दाव्यांची यादी वाचून घ्या. सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळालेलं गाव सापडलं तर ते पहिली पसंती धरा. नंदुरबार जिल्ह्यात अशी गावं बरीच आहेत. तिथे जंगलाचं व्यवस्थापन करण्याचा कायदेशीर अधिकार ग्रामसभेकडे असतो आणि समिती आधीच बनलेली असते. बाकी ठिकाणी वनविभाग, कंपनी आणि अंमलबजावणी करणारी संस्था असा त्रिपक्षीय करार करावा लागतो. अभयारण्याच्या हद्दीच्या आत तर वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय एक कुदळही मारता येत नाही. तुमच्यासाठी हद्दीबाहेरची गावंच बरी.

या प्रकारचं काम पाहायला परदेशात जायची गरज नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घेतली, दंड ठरवले, राखण लावली. आज तिथे चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या संचालकांना एक दिवस तिकडे घेऊन जा, जमलं तर रानभाज्यांच्या स्पर्धेच्या वेळी. पण एक लक्षात ठेवून जा. तिथला नियम गावाचा होता, पैसा नंतर आला. कंपनी पैशापासून सुरुवात करते, त्यामुळे तुमची वाट उलटी आहे आणि म्हणूनच जास्त सांभाळून चालायची आहे.

मग पैसा कशावर खर्च करायचा? राखणदारांवर. माझ्या मते तुमच्या अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा राखणदारांच्या मजुरीचा असावा. गावाने निवडलेले लोक, दरमहा वेळेवर मजुरी, किमान वेतनापेक्षा कमी नाही, बारा महिने. बारा महिने यासाठी, की दिवाळीनंतर या पट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, होळीला परततात, काही थेट आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. नेमक्या त्याच महिन्यांत जंगलाला माणूस हवा असतो. गावात राहण्याइतकी मजुरी मिळाली तर चार घरं स्थलांतर टाळतात आणि जंगल राखलं जातं. राखणदारांत बायका असाव्यात. सरपण कोण, कुठून आणि कधी आणतं हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि शेजारणीला ‘या बाजूला नको गं, ताई’ म्हणणं वनरक्षकाच्या शिट्टीपेक्षा जास्त चालतं.

चराईबंदीचा भार कोणावर पडतो ते आधी तपासा. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत त्याच्यावर, आणि दरवर्षी मेंढ्या घेऊन जाणाऱ्या ठेलारींवर. सगळं रान एकदम बंद केलं तर हे लोक रात्री चारतील, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. रानाचे तीन भाग करा, एक बंद, दोन खुले, आणि बंद भागातलं गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा द्या. दुसऱ्याच वर्षी मारवेल, पवना, शेडा असं चांगलं गवत कुसळीच्या जागी दिसू लागतं. गवताचे भारे घरी आले की बंदीच्या बाजूने बोलणारे लोक गावातच तयार होतात.

आगीचं मूळ बहुतेक वेळा मोहाखाली असतं. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, वारा सुटला की ती आग डोंगर चढते. एका वणव्यात तुमचे तीन वर्षांचे धुमारे जातात. यावर साधा उपाय आहे: मोहाखाली बांधायच्या जाळ्या. फुलं स्वच्छ मिळतात, भाव बरा मिळतो, पाला जाळावा लागत नाही. जाळ्या, फेब्रुवारीआधी काढलेल्या जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेले पट्टे) आणि आग विझवायला पाला उडवणारी दोन यंत्रं एवढ्यावर होणारा खर्च तुमच्या उद्घाटनाच्या मंडपाच्या खर्चापेक्षा फार नसेल.

कायद्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी तुमच्या लेखा विभागाला सांगा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो, आणि सातव्या परिशिष्टात पर्यावरण, वनस्पती व प्राण्यांचं संरक्षण स्पष्ट नमूद आहे. पण पर्यावरण मंजुरीच्या अटीत तुम्हाला जो हरितपट्टा करावाच लागतो तो यात धरता येत नाही, कारण ते दुसऱ्या कायद्याचं बंधन आहे. जंगलाच्या कामाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंडळाची मंजुरी घ्या. मग सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात, आणि मार्चअखेर न खर्चलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढे वापरता येते. अशाने ३१ मार्चच्या घाईत ट्री-गार्ड खरेदी करण्याची वेळ येत नाही. राखणदारांची मजुरी हा प्रकल्पाचाच खर्च आहे, ५ टक्क्यांची मर्यादा असलेल्या प्रशासकीय खर्चात ती धरू नका. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचं काम घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) आहे ना, हे पाहा. जाळ्या, यंत्रं, पंप जे घ्याल ते कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. गावाचा गट, नोंदणीकृत संस्था किंवा सरकारी यंत्रणा यांच्याकडेच ते असावं लागतं.

आता वन्यजीव. या भागात कोणत्या प्राण्याच्या नावाने काम करावं असं विचाराल तर मी वाघ-बिबट्या सोडून रानपिंगळा या लहान घुबडाचं नाव घेईन. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नव्हता, तो नामशेष झाला असंच मानलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हाही झाला नव्हता. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा ठिकाणी त्याच्या नोंदी झाल्या, तरी आजही तो संकटग्रस्त आहे. दिवसा हिंडणारं घुबड, सरडे, उंदीर, किडे खाणारं. आणि त्याची गरज काय? विरळ, मोकळं पानझडी रान आणि ढोली असलेली जुनी झाडं. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. म्हणजे तुमच्या नव्या ५०,००० रोपांत रानपिंगळ्याला पन्नासेक वर्षं तरी घर मिळणार नाही, पण गावालगतची ढोलीची जुनी झाडं सरपणात गेली तर तो याच वर्षी घर गमावतो. वाळलेलं, वाकडं, पोकळ झाड ‘निकामी’ समजून तोडलं जातं. अशा झाडांची राखणदारांकडून नोंद करा, त्यांना चुन्याची खूण करा आणि ती उभी राहिली तर दरवर्षी ग्रामसभेच्या समितीला त्याबद्दल रक्कम द्या. जादूटोण्यासाठी घुबडं धरणारे लोक फिरतात, म्हणून घरट्याची जागा फलकावर, पत्रकात, समाजमाध्यमावर कुठेही टाकू नका.

पाणवठ्यांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. सिमेंटची बशी बांधायची, पहिल्या उन्हाळ्यात टँकरने भरायची, तिसऱ्या उन्हाळ्यात ती कोरडी. भरलेली असली तरी शिकाऱ्याला प्राणी कुठे येणार ते नेमकं कळतं, आणि गावची गुरं आणि रानातले प्राणी एकाच पाण्यावर तोंड लावतात. त्याऐवजी नाल्यातले जुने झिरे साफ करा, वरच्या अंगाला दगडी बांध घाला. गुरांचं लसीकरण आणि गावातल्या कुत्र्यांचं रेबीजचं लसीकरण वर्षातून एकदा करा. ते पाणवठ्यापेक्षा रानाच्या जास्त उपयोगी पडतं, शिवाय गावही खूश.

कॅमेरा ट्रॅप वनविभागाच्या परवानगीने, त्यांच्याच मदतीने लावायचे असतात. बिबट्याचा फोटो वार्षिक अहवालात झळकतो खरा, पण केळीच्या बागेत त्याच बिबट्याला घाबरून पहाटे पाणी द्यायला न जाणाऱ्या मजुराला त्याचा काय उपयोग? केळीपट्ट्यात बिबट्या आहे आणि राहणार. तिथे कंपनीने कठडा नसलेल्या विहिरी शोधून त्यांना कठडे बांधावेत. बिबट्या, कोल्हे, माणसाची पोरं, सगळेच त्यात पडतात. एका तरुणाला मानधन देऊन रानडुकरं आणि रोहींनी (नीलगायींनी) केलेल्या नुकसानीचे अर्ज वेळेत भरून घ्यावेत. भरपाईची तरतूद आहे, पण मुदत आणि पंचनामा यांत शेतकरी हरतो. ज्याला भरपाई मिळाली तो कुंपणात वीज सोडत नाही.

धुळे-शिंदखेड्याच्या माळावर काही करायचा विचार असेल तर तिथे झाडं लावू नका. लांडगा, चिंकारा यांचं घर गवताचं असतं. माळाला पडीक समजून त्यावर खड्डे खणणं म्हणजे एका वन्यजीव प्रकल्पाने दुसरा मोडणं.

मंडळाला काय दाखवायचं? हेक्टर दाखवा, रोपं नाही. प्रत्येक तुकड्यात ठरावीक जागी पाच-सहा खांब रोवा आणि तिथूनच, त्याच दिशेने, दरवर्षी मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये फोटो घ्या. १० मीटर बाय १० मीटरचे नमुन्याचे चौकोन आखून त्यातले कमरेपेक्षा उंच धुमारे जातवार मोजा. मोजणी राखणदारांनीच करावी, तपासणी बाहेरच्याने. जळालेलं क्षेत्र, पकडलेल्या कुऱ्हाडी, झालेले दंड, वाटलेला चारा हेही लिहा. पहिल्या वर्षी जगण्याचा टक्का ९५ लिहून आणणाऱ्या संस्थेकडून दुसऱ्या वर्षी काम काढून घ्या, कारण खानदेशात कोरडवाहू लागवडीला असा टक्का येत नाही.

आता कामाला लागायचं तर एप्रिलमध्ये दोन-तीन गावांचं रान राखणदार होऊ शकतील अशा माणसांबरोबर पायी पाहून घ्या. तेव्हा पानगळ झालेली असते, खुंट, वणव्याच्या खुणा, कोरडे नाले सगळं उघडं दिसतं. ग्रामसभा आखाजीनंतर लावा, तोवर बाहेर गेलेली माणसं घरी आलेली असतात. कंपनीचा प्रस्ताव छापून नेऊ नका, गावाचं ऐकून तिथेच लिहा. ठरावात बंद ठेवायच्या रानाच्या चतुःसीमा, किती वर्षं, दंड कोण घेणार, मजुरी कोणत्या तारखेला मिळणार आणि कंपनी मधेच थांबली तर किती महिने आधी कळवणार, एवढं आलंच पाहिजे. शेवटची अट तुमच्या वकिलांना खटकेल. ती काढू देऊ नका.